निळ्या फुलाचं हे रोप कोणतं? वनविहारात झाडांखाली आहे आणि घरच्या कुंडीतही आलंय

अंगणवेल | १० ऑगस्ट, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी,

आम्ही जुळे सोलापूरला राहतो. सकाळी विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात फिरायला जाते. यंदा पाऊस जरा बरा झाल्यापासून तिथे कडुनिंबांच्या सावलीत एक रोप जमिनीलगत पसरत चाललंय. पानं रुंद, टोकदार, देठ पाणीदार आणि टोकाशी एकच इवलंसं फूल. पण निळं इतकं, की चालता चालता पाय थांबतो. असा निळा रंग आपल्याकडे रानात फार कमी दिसतो.

तेच रोप आता गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या कुंडीत आपोआप उगवलंय. मी काही लावलेलं नाही. सकाळी फूल असतं, दुपारी बघावं तर जागेवर काहीच नसतं.

तीन फोटो टाकतेय. फोटो १ वनविहारातला, फोटो २ कुंडीतला. फोटो ३ आमच्या कॉलनीच्या कंपाउंडच्या कडेला काढलाय, तेच रोप असावं असं वाटतं, फूल मात्र मोठं आहे.

घरात यावरून तीन मतं आहेत. सासूबाई म्हणतात हा विष्णुकांत, गणपतीच्या पत्रीत लागतो, उपटायचा नाही. त्यांची अक्कलकोटची बहीण आली होती, तिने बघताक्षणी सांगितलं की हे तण आहे, आत्ताच काढ, नाहीतर कुंडी खाईल. आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी, त्या तेलुगू बोलतात, म्हणाल्या की ही तर भाजी, आमच्याकडे डाळीत घालतात. मोबाईलमधल्या ॲपला विचारलं तर ते प्रत्येक फोटोला वेगळं नाव देतंय.

देवाला वाहायचं, उपटायचं की शिजवायचं? जाणकारांनी नक्की सांगावं.

---

सोलापूरकर_पुण्यात | १० ऑगस्ट, रात्री ९.४०

गोकर्ण असेल. सध्या सगळीकडे फुललाय.

---

अंगणवेल | १० ऑगस्ट, रात्री ९.५५

नाही हो, गोकर्णाचा वेल आमच्या गेटवरच आहे. त्याचं फूल चांगलं अंगठ्याएवढं असतं, शेंगा येतात, पानं एका देठावर पाच-सात. याची पानं एकेकटी आहेत आणि हा वेल नाही, जमिनीवर पसरतो.

---

माळरान_भटक्या | १० ऑगस्ट, रात्री १०.२०

फोटो १ आणि २ वरून मला अंदाज आलाय, पण ठाम बोलण्याआधी आणखी फोटो हवेत. वरून काढलेल्या फुलाच्या फोटोवरून ॲपच काय, माणूससुद्धा फसतो. उद्या सकाळी आठ-साडेआठच्या आत हे काढा:

फूल समोरून, अगदी जवळून, पाकळ्या मोजता येतील असं. मग तेच फूल बाजूने, म्हणजे ते कशातून बाहेर आलंय ते दिसेल. आणि पान जिथे खोडाला चिकटतं ती जागा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल.

आणखी एक. फोनचा कॅमेरा जांभळा रंग बऱ्याचदा निळा दाखवतो. त्यामुळे रंग डोळ्यांनी बघून शब्दांत लिहा. फोटो ३ बद्दल मला तीच शंका आहे.

---

अंगणवेल | ११ ऑगस्ट, सकाळी ८.३५

हे घ्या. फोटो ४ ते ७ कुंडीतल्या रोपाचे. पाकळ्या दोन ठळक निळ्या, वरच्या बाजूला. खाली तिसरी आहे पण फारच लहान आणि फिकी, आधी मला ती दिसलीच नव्हती. मध्ये पिवळे ठिपके. फूल एका हिरव्या, घडी घातलेल्या पानासारख्या भागातून बाहेर आलंय. पान जिथे खोडाला धरतं तिथे तांबूस केस आहेत.

फोटो ३ चं फूल आज परत पाहिलं. तुम्ही म्हणता ते खरं, ते जांभळंच आहे.

---

पर्णरेखा | ११ ऑगस्ट, सकाळी ११.०५

अंगणवेल, फार छान फोटो काढलेत. आता संशयाला जागा राहिली नाही. फोटो १, २ आणि ४ ते ७ हा केना. शास्त्रीय नाव कोमेलिना बेंगालेन्सिस. फोटो ३ वेगळ्या कुळातली वनस्पती आहे, तिच्याकडे नंतर येते.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. दर पावसाळ्यात मुलं निळं फूल घेऊन यायची आणि नाव विचारायची, तेव्हा मी आधी विचारायचे, ‘रंग सोडून मला बाकीचं सांग.’ निळा रंग ओळखीसाठी सगळ्यात कमी भरवशाचा. केन्याच्या बाबतीत खरी ओळख त्या हिरव्या भागात आहे, ज्यातून फूल बाहेर येतं. त्याला महाछद म्हणतात. केन्यात त्याची एक कड पूर्ण जुळलेली असते, त्यामुळे त्याचं नरसाळं तयार होतं. तुमच्या फोटो ५ मध्ये हे लख्ख दिसतंय. चिमटीत हलकेच दाबून बघा, आतून चिकट पाण्याचा थेंब येईल. त्या ओलाव्यात पुढच्या कळ्या एकामागे एक तयार होत असतात. म्हणून रोज सकाळी त्याच जागेवर नवं फूल दिसतं आणि आपल्याला वाटतं कालचंच उमललंय.

दुसरी खूण पानाची. तीन ते सात सेंटीमीटर लांब, रुंद, शिरा समांतर, आणि पानाचं आवरण खोडाला वेढतं तिथे तांबूस केस. ते तुम्ही स्वतःच टिपलेत.

तिसरी खूण फुलाची. दोन मोठ्या पाकळ्या, एक धाकटी. मधले पिवळे ठिपके म्हणजे बहुतेक वांझ पुंकेसर. केन्याच्या फुलात मध अजिबात नसतो. किडे येतात ते परागासाठी, आणि हे पिवळे वांझ पुंकेसर त्यांना लांबून दिसतात. खरे, पराग देणारे पुंकेसर खाली, जरा लपलेले असतात. दुपारी फूल मिटतं तेव्हा पुंकेसर आणि कुक्षीवृंत (स्त्रीकेसराची दांडी) आत वळतात, त्यामुळे एकही मधमाशी आली नसली तरी त्या फुलाचं परागण होऊन जातं. तुम्ही म्हणता ना, दुपारी जागेवर काहीच नसतं? फूल कुठे गेलेलं नाही. पाकळ्या विरघळल्यागत होऊन महाछदात ओढल्या गेल्यात.

आता एक गोष्ट सांगते, ती मला या वनस्पतीची सर्वांत आवडती आहे. केन्याला जमिनीखालीही फुलं येतात. खोडाच्या तळातून पांढरट फांद्या मातीत जातात आणि त्यांवर कधीच न उमलणारी फुलं धरतात. ती आतल्या आत फळतात. वरच्या फळात साधारण पाच बिया असतात, एक मोठी आणि चार लहान. जमिनीखालच्या फळात तीन, एक मोठी आणि दोन लहान. म्हणजे एकाच रोपाच्या चार प्रकारच्या बिया आणि त्या सगळ्या एकदम रुजत नाहीत. पाऊस दगा देणाऱ्या प्रदेशात याहून शहाणी व्यवस्था मी दुसरीकडे क्वचित पाहिली आहे.

कुंडी मोकळी करायचं ठरवलंत तर माती अलगद उकरून हे स्वतः बघाच.

---

काळीमाती | ११ ऑगस्ट, दुपारी १.३०

ताई, केनाच हाय. फोटो उघडायच्या आधी ओळखलं. आमचं रान अक्कलकोट तालुक्यात, उडीद-तूर आणि आता सोयाबीन. केना म्हणजे आमच्या डोक्याचा ताप.

मॅडमनी जमिनीखालच्या फुलाचं सांगितलं ते वाचून बायकोला दाखवलं. आम्ही दरवर्षी म्हणतो की एवढं खुरपलं तरी येतो कुठनं. पांढरी मुळी दिसायची, पण ती मुळी नसून त्यावर बी धरतंय हे आज कळलं.

शहरातल्या लोकांनी एक ध्यानात घ्या. केना ओल्यात उपटून तिथंच टाकला तर तो मरत नाही. प्रत्येक कांड्याला मूळ फुटतं. कोळपणी केली, मागनं ढग आले, भुरभुर पाऊस झाला की कोळप्यानं तोडलेला तुकडा न तुकडा उभा राहतो. एकाचे दहा होतात. म्हणून आम्ही वाफसा बघून, कडक ऊन असताना खुरपतो, आणि केना गोळा करून रानाच्या बाहेर फुफाट्यात नाहीतर खडकावर वाळत टाकतो. बांधावर टाकला तरी तिथनं परत आत येतो.

तणनाशकानं बाकीचं तण पिवळं पडतं, हा मात्र चार दिवस मलूल होतो आणि परत हिरवा. शेळ्या-म्हशी आवडीनं खातात, तेवढाच उपयोग.

---

पर्णरेखा | ११ ऑगस्ट, दुपारी ३.१०

काळीमाती, तुमचा अनुभव अगदी बरोबर आहे आणि तो जगभरचा आहे. केना मूळचा आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण भागातला. अमेरिकेत तो बाहेरून गेला आणि तिथल्या जॉर्जिया राज्यात कापसाच्या शेतांतलं मोठं संकट झाला. ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं की बाकी तणं मरायची आणि मोकळी झालेली जागा केना घ्यायचा, कारण तो ते औषध बराच सहन करतो. तिथे त्याची नोंद कायद्याने घातक तणांत आहे. म्हणजे खुरपून, वाळवून नष्ट करण्याची तुमची पद्धत नुसती जुनी नाही, ती योग्य आहे. फक्त बी धरायच्या आधी पहिली खुरपणी झाली पाहिजे.

आपल्याकडे तर सप्टेंबरचा पाऊस मोठा. जून-जुलैत खुरपून रान स्वच्छ दिसलं तरी सप्टेंबरच्या ओलीवर उशिरा रुजणाऱ्या बिया उठतात. ती दुसरी लाट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही, आणि पुढच्या वर्षीचं बियाणं तीच टाकून जाते.

---

चुलीपाशी | ११ ऑगस्ट, सायंकाळी ६.४५

अंगणवेल, तुमच्या मावशी बरोबर बोलल्या. केन्याची भाजी आमच्याकडे श्रावणात होतेच. शेतात खुरपायला गेलेल्या बायका ओट्यात केना आणि कुर्डू घेऊन यायच्या आणि रात्री तीच भाजी.

फक्त कोवळे शेंडे घ्यायचे, नखाने सहज तुटतील तेवढेच. जून देठ चरबट लागतात. फुलं आणि ती हिरवी नरसाळी काढून टाकायची, त्यातला चिकटपणा भाजीत उतरतो. चार पाण्यांतून धुवायचं. भिजवलेली मूगडाळ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, तेलात परतून त्यावर चिरलेला केना, झाकण न ठेवता. पाणी आटलं की वरून शेंगदाण्याचं जाडसर कूट. आपल्याकडे कूट नसेल तर भाजी पूर्ण झाल्यासारखं वाटतच नाही! बरोबर ज्वारीची भाकरी. मोठी पानं मिळाली तर अख्खी बेसनात बुडवून भजी करा, मुलांना फार आवडतात.

वनविहारातली किंवा कॉलनीच्या गटारीकडेची मात्र तोडू नका. कुंडीतली चालेल, तिच्यात तुम्ही काय घातलंय ते तुम्हाला माहीत आहे. शेतातली घ्यायची तर मालकाला विचारा की फवारणी कधी झाली. ओळख पक्की नसेल तर रानभाजी खाऊच नये, हे आमच्या घरात आज्जीपासून चालत आलंय.

---

हातमाग | ११ ऑगस्ट, रात्री १०.०२

विषयाला थोडं सोडून, पण या फुलाच्या जवळचंच. आमच्या घरात तीन पिढ्या कापडाचं काम, रंगाई जवळून पाहिलेली. केन्याचा एक भाऊबंद, कोमेलिना कम्युनिस, जपानमध्ये आहे. तिथल्या शिगा प्रांतातल्या कुसात्सु भागात त्याच्या मोठ्या फुलाच्या जातीची शेती झाली, तीही फक्त पाकळ्यांसाठी. पाकळ्यांचा रस कागदावर पुन्हा पुन्हा फासून वाळवायचा. त्या निळ्या कागदाचा तुकडा पाण्यात भिजवला की रंग सुटतो आणि त्याने रेशमी कापडावर नक्षीची रेघ काढतात. युझेन नावाच्या रंगकामात ही पद्धत आहे.

आता गंमत अशी की हा रंग पाण्याने निघून जातो, आणि म्हणूनच तो हवा असतो. रेघेबरहुकूम पक्का रंग भरला की कापड धुतात, निळी रेघ नाहीशी होते, नक्षी राहते. आम्ही आयुष्यभर रंग पक्का कसा बसेल याच्या मागे. न टिकणाऱ्या रंगालाही कारागिराने एवढं मानाचं काम दिलं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होतो.

---

पर्णरेखा | ११ ऑगस्ट, रात्री १०.३०

हातमाग, किती सुंदर माहिती दिलीत! त्यात थोडी भर. त्या जपानी फुलाच्या रंगद्रव्याची रचना शास्त्रज्ञांनी उलगडली आहे. ॲन्थोसायनिन या फुलांतल्या रंगद्रव्याचे सहा रेणू, फ्लेव्होन या त्याच्या सोबतच्या द्रव्याचे सहा रेणू आणि मॅग्नेशियमचे दोन अणू असे बांधले जातात की एकट्या ॲन्थोसायनिनला न जमणारा स्वच्छ निळा तयार होतो. सुट्या सुट्या घटकांत तो निळा नाही, बांधणीत आहे.

तो कोमेलिना कम्युनिस आपल्या सोलापूर भागातला नाही. इंटरनेटवर शोधताना पुष्कळदा त्याचेच फोटो समोर येतात. त्याचा महाछद दुमडलेला असतो, पण कड मोकळी असते, आणि खालची पाकळी पांढरी. तेवढं पाहिलं तर गल्लत होणार नाही.

---

अंगणवेल | १२ ऑगस्ट, सकाळी ७.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. नरसाळं दाबून बघितलं, थेंब आला! मुलगी शाळेला जायच्या आधी प्रत्येक नरसाळं दाबत बसली.

सासूबाईंना केना मान्य आहे, पण त्यांचा प्रश्न राहिला. मग विष्णुकांत कुठला? बाजारात पत्रीची जुडी मिळते, पण त्यात नेमकं काय असतं ते कळत नाही. गेल्या वर्षी आमच्या जुडीत विष्णुकांत म्हणून जे होतं ते मला आता केनाच वाटतंय.

---

माळरान_भटक्या | १२ ऑगस्ट, सकाळी ९.१५

विष्णुकांत माझ्या आवडीचा, मीच लिहितो.

मी नान्नजच्या बाजूला पक्षी बघायला जातो. माळढोक अभयारण्य १९७९ चं, तिकडचा माळ पावसानंतर हिरवा होतो तेव्हा मुरमाड, उघड्या जमिनीवर विष्णुकांत फुलतो. शास्त्रीय नाव इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडस. केन्याला ओल आणि सावली आवडते, याला ऊन आणि निचरा. जागेवरूनच निम्मी ओळख होते.

फूल फार लहान, पाच ते आठ मिलिमीटर. केन्यासारख्या सुट्या पाकळ्या नाहीत, पाचही एकमेकींना जुळलेल्या, सपाट आणि गोल, मध्ये पांढरट ठिपका. प्रत्येक फूल दोऱ्याएवढ्या बारीक देठावर. पानं लहान, लांबट, आणि संपूर्ण रोपावर रेशमी लव. ऊन तिरपं असताना लव चमकते, तेव्हाच तो नजरेत भरतो, एरवी पाय पडला तरी कळत नाही. हेही फूल सकाळचं, दुपारनंतर मिटतं.

थोडक्यात सासूबाईंना असं दाखवा: पाकळ्या दोन आणि एक धाकटी, पान गुळगुळीत व रुंद, तो केना. एकसंध गोल फूल, लवदार बारीक पान, तो विष्णुकांत.

हात जोडून एक विनंती. अभयारण्यातून काडीसुद्धा आणायची नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. बाहेरच्या माळावर, मालकाला विचारून, एक शेंडा खुडला तर पुरे. रोप मुळासकट उपटलं तर पुढच्या वर्षी त्या जागी बी पडणार कुठून? सोलापूरभोवतीचे माळ एकेक करून प्लॉटिंगखाली जातायत. मी जिथे हमखास विष्णुकांत दाखवायचो त्यातल्या काही जागांवर आज कंपाउंड आहे. पत्रीचं एकवीस वनस्पतींचं ते यादीपत्र टिकायचं असेल तर आधी माळ टिकला पाहिजे.

---

सोलापूरकर_पुण्यात | १२ ऑगस्ट, सकाळी १०.००

नर्सरीत विष्णुकांत म्हणून हँगिंग कुंडीत निळ्या फुलांचं रोप मिळतं, ते चालेल का? आमच्याकडे बाल्कनीत आहे.

---

पर्णरेखा | १२ ऑगस्ट, दुपारी १२.२०

ते बहुधा ‘ब्लू डेज’. विष्णुकांताच्याच वंशातलं, पण अमेरिका खंडातलं. फूल चांगलं दोन सेंटीमीटरच्या आसपास, पानं मोठी. बाल्कनीसाठी उत्तम, ऊन भरपूर द्या. पूजेत काय चालतं ते प्रत्येकाने आपल्या घरच्या रीतीने ठरवावं. वनस्पती म्हणून विचाराल तर तो आपला विष्णुकांत नाही.

इथे एक गोष्ट काळजीने सांगते. विष्णुकांत, गोकर्ण आणि आणखी एक-दोन वनस्पती वेगवेगळ्या भागांत शंखपुष्पी नावाने विकल्या जातात. आयुर्वेदाच्या अधिकृत भारतीय औषधकोशात शंखपुष्पी म्हणून कॉन्व्होल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस ही वेगळीच वनस्पती आहे. तेव्हा धाग्यावर ओळख पटली म्हणून कुणी काढा करून पिऊ नये. औषध वैद्यांकडूनच घ्यावं.

आपल्या भागातली आणखी काही निळी फुलं सांगून ठेवते, कारण पुढचे दोन महिने असे प्रश्न येत राहणार. शेताच्या कडेला खरखरीत पानांचं रोप, फूल मान खाली घातलेलं, फिकट निळं आणि पुढे गुलाबी होत जाणारं, तो छोटा कल्पा. पान देठाशिवाय खोडाला बिलगलेलं असतं. कुंपणावर वेल, पान तीन खंडांचं, सकाळी निळं आणि दुपारी गुलाबी पडणारं मोठं फूल, ती नीलवेल. कास पठारावर जाऊन आलेले लोक केना पाहून नभाळी म्हणतात. नभाळी केन्याच्याच कुळातली, पण तिच्या तिन्ही पाकळ्या सारख्या आणि पुंकेसरांवर निळे-जांभळे केस दाट असतात. हे केस केन्यात कधीच नसतात.

---

काळीमाती | १२ ऑगस्ट, रात्री ८.४०

मॅडम, आमच्या काळ्या रानात केन्यासारखंच दुसरं एक हाय. फूल तसंच निळं, पण पान अरुंद आणि कड पाण्याच्या लाटेगत वरखाली. शेळ्या तेही खातात. फोटो टाकलाय.

---

पर्णरेखा | १२ ऑगस्ट, रात्री ९.२५

तुमची नजर पक्की आहे. तो कोमेलिना फोर्स्कालाय. पान अरुंद, कड लहरी, आणि नरसाळी एकेकटी, केन्यासारखी टोकाशी झुबक्याने नाहीत. त्यालाही जमिनीखाली फुलं येतात, त्यामुळे उपाय तोच.

तलावाच्या काठाला किंवा पाटाच्या ओलीत सापडला तर महाछदाची कड तपासा. कड मोकळी, टोक लांब निमुळतं आणि पान भाल्यासारखं असेल तर तो कोमेलिना डिफ्युजा. एकरुख तलावाच्या बाजूला कुणी जात असेल तर फोटो टाका, मिळून बघू.

---

अंगणवेल | १६ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०

आज सुट्टी होती, म्हणून कढीपत्त्याची कुंडी रिकामी केली. पर्णरेखाताई, तुम्ही सांगितलं तसंच! मातीत बोटभर खाली पांढऱ्या फांद्या आणि त्यांवर बारीक, बंद, पांढुरक्या गाठी. फोटो ८ आणि ९ बघा. एक गाठ सुईने उघडली तर आत कोवळ्या बिया. सासूबाई चष्मा लावून शेजारी बसल्या होत्या. उजेडही न बघता फळ धरतं म्हणजे याचं देवाशी काहीतरी असणारच, असं त्या म्हणाल्या.

आता तीन प्रश्न. कुंडीतून पूर्ण घालवायचा कसा? एका वेगळ्या कुंडीत मुद्दाम ठेवला तर चालेल का, कारण मुलीला रोज सकाळी फूल बघायचंय? आणि फोटो ३ राहिलाच की!

---

पर्णरेखा | १६ ऑगस्ट, रात्री ८.०५

फोटो ९ अप्रतिम. मी वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगायचे, आता हा फोटो दाखवता येईल.

कढीपत्त्याच्या कुंडीतली वरची चार बोटं माती काढून चाळून घ्या, पांढरे तुकडे आणि गाठी वेचा. ती माती गच्चीवर पातळ पसरून कडक उन्हात पुरती वाळू द्या. तरी थोडा येईल, तेव्हा दोन-तीन पानांचा असतानाच काढत राहा. खालून फुलं धरायला वेळ देऊ नका. वेचलेला केना कंपोस्टच्या डब्यात ओला टाकू नका, काळीमातींनी सांगितलं तसा आधी वाळवा.

मुलीसाठी जरूर ठेवा. रुंद, उथळ कुंडी, अर्धी सावली, खाली ताटली, म्हणजे फांद्या दुसऱ्या कुंडीत रुजणार नाहीत. तिला एक काम द्या. फूल किती वाजता उमललं आणि किती वाजता मिटलं ते वहीत लिहायचं, आणि त्यापुढे ढगाळ होतं की ऊन. महिन्याभरात तिला जे कळेल ते आपण सगळे वाचू.

फोटो ३ माझ्या मते रुएलिया ट्युबरोजा. मूळची मध्य अमेरिका आणि कॅरिबियनमधली, आता आपल्या कंपाउंडांच्या कडेला सर्रास. फूल जांभळं, पाच पाळ्यांचं, खाली नळी. कोरांटीच्या कुळातली. पानं समोरासमोर जोडीने येतात. केन्यात ती एकाआड एक असतात, एवढ्यावरसुद्धा दोघींना वेगळं करता येतं. खात्री करायची तर फुलांखाली वाळलेल्या, तपकिरी, बोटाच्या पेराएवढ्या शेंगा शोधा आणि एक पाण्याच्या वाटीत टाका. रुएलिया असेल तर काही क्षणांत शेंग फट्कन फुटून बिया उडतील. चेहरा वाटीपासून लांब ठेवा.

---

अंगणवेल | १७ ऑगस्ट, सकाळी ९.१०

फुटल्या! दोन लगेच, तिसरी जरा थांबून. एक बी थेट सासूबाईंच्या चहात. हिरवी शेंग टाकली होती, तिला काहीच झालं नाही.

---

पर्णरेखा | १७ ऑगस्ट, सकाळी ९.३०

मग रुएलियाच. हिरव्या फुटत नाहीत, पुरती वाळलेलीच लागते. चहातली बी काढून टाका आणि उडालेल्या बिया झाडून घ्या. ओलीला त्या चिकट होतात आणि कुंडीच्या कडेला धरून राहतात. तसं झालं तर पुढच्या पावसात कढीपत्त्याखाली केन्याऐवजी ही दिसेल.